मी तिच्याबरोबर गेले, त्याबद्दल

३ मे

चि. बाबू,

आशीर्वाद आहेतच. तू बोलत नाहीस म्हणून ते थांबत नाहीत.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून सोडून देतोस, म्हणून हा कागद. कागद निदान हातात तरी धरावा लागतो, फाडायचा असला तरी.

मी इथे परदेशात सुखरूप पोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना इतका अरुंद की वरून कुणी आलं तर खालच्याने मागे सरायचं. समोर चष्म्यांचं दुकान आहे. तिथला माणूस सकाळी एकेक चष्मा पुसतो आणि प्रत्येक चष्मा स्वतः घालून आमच्या खिडकीकडे बघतो. माझी प्रकृती उत्तम आहे. मास्तरीणही बरी आहे. तिला सोबत हवी होती म्हणून मी आले, एवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणालास, "ती आता आपली कोणी नाही." तेव्हा माझी बॅग अर्धी भरलेली होती आणि मला वाद घालायचा नव्हता. आता सांगते. ती तुझी कोणी नाही, हे मला मान्य आहे. कोर्टाने तसं लिहून दिलंय. पण माझा घटस्फोट कधी झाला? मला तर कुणी कोर्टात बोलावलं नाही.

बारा वर्षं ती माझ्यासमोर बसून जेवली. तुझे बाबा तिला मास्तरीण म्हणायचे, कारण शाळेत ती पोरांना रसायनशास्त्र शिकवायची आणि घरी आल्यावर आम्हाला. बाबांच्या दुखण्यात तू परगावी होतास आणि माझे हातपाय गळाले होते. त्यांना अंघोळ कुणी घातली, ते तुला ठाऊक आहे. पुढे तुला ऑफिसातली ती आवडली. आवडली तर आवडली. मन कुणाच्या ताब्यात नसतं, हे मी तेव्हाच म्हणाले. पण तू सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलास, की हिला शाळेपलीकडे घर कधी दिसलंच नाही. ते खोटं आहे. तुझ्या काकांसमोर मी तसं म्हटलं तेव्हा तू ताटावरून उठलास. आज परत म्हणते. आता उठून कुठे जाशील?

असो. आम्ही इथे पास्ता करायला शिकतोय. सकाळचा वर्ग, चार दिवस. एका जुन्या घराच्या तळमजल्यावर लांबच लांब लाकडी टेबल, भिंतीला टांगलेली लाटणी, कोपऱ्यात दोन मोठे गॅस. शिकवणारी बाई इटालियन, माझ्याच वयाची, दंड माझ्या दुप्पट. मी तिचं नाव पास्ताबाई ठेवलंय. तिचं बोलणं मला कळत नाही, माझं तिला. मास्तरीण मधली दुभाषी, वर्षभर ती भाषा शिकत होती. शिकाऊ मंडळींत एक नवं जोडपं आहे, जे एकमेकांच्या नाकाला पीठ लावण्यात गुंग असतं, आणि एक निवृत्त बस ड्रायव्हर. त्याची बायको वारली. डब्यातलं खाऊन कंटाळलो, म्हणाला.

मला वाटलं होतं, पीठ मळायला मला कोण शिकवणार. पण इथे परात नाही. टेबलावरच पिठाचा ढीग करायचा, मधे आळं करायचं, आळ्यात अंडी फोडायची आणि काट्याने हळूहळू कडेचं पीठ आत ओढायचं. माझं आळं फुटलं. अंडी टेबलावरून वाहत गेली ती थेट ड्रायव्हरच्या बुटावर. तो म्हणाला, "माझ्या बसमध्ये याहून वाईट झालंय." वर माझा हात सवयीने पाण्याच्या भांड्याकडे गेला, तर पास्ताबाईने चक्क हातावर चापट मारली. पाणी नाही. फक्त अंडी आणि अंगातला जोर. जन्मभर पाणी घालून कणीक मळणाऱ्या बाईने आता जोर कुठून आणायचा? पण आणला. मला बसायला उंच स्टूल दिलंय, मानाने.

उरलेलं उद्या.

तुझी आई

५ मे

चि. बाबू,

काल सकाळी तू फोन केलास. मला नाही, मास्तरणीला. तू चिडून मधेच ठेवून दिलास, त्यामुळे त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे तुला माहीत नाही. ते सगळं सांगते.

काल आम्ही पातळ लाटायला शिकत होतो. लाटणं हातभर लांब, आणि पापुद्रा इतका पातळ करायचा की खाली ठेवलेला हात दिसला पाहिजे. पास्ताबाईने मला आणि मास्तरणीला एकाच मोठ्या गोळ्यावर लावलं. दोघींनी दोन बाजूंनी लाटायचं. लाटता लाटता पास्ताबाईने विचारलं, "मायलेकी का?"

मास्तरीण तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक बोलली. मी विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, "माझ्या पूर्वीच्या नवऱ्याची आई."

"एवढं लांब कशाला? सून म्हणून सांग."

"आई, मी सून नाही आता."

"मग मी कोण?"

"तेच तर सांगितलं."

"मला त्याची आई म्हणून ओळखलं जायचं नाहीये. मी स्वतःच्या पायांनी आलेय इथे."

तिने लाटणं जोरात दाबलं आणि पापुद्रा मधोमध फाटला. पास्ताबाईने कपाळाला हात लावला. गोळा परत मोडून मळायला लागला. आम्हा दोघींच्या कोपरापर्यंत पीठ. आणि त्यात टेबलावर तिचा फोन वाजला आणि तुझं नाव दिसलं.

तिचे हात भरलेले, माझेही. तिने बोटाच्या टोकाने फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला, दुसरा इलाज नव्हता. त्यामुळे तू जे बोललास ते सगळ्या वर्गाने ऐकलं. भाषा कळली नाही, हे तुझं नशीब. सूर मात्र कळला.

"माझ्या आईला फूस लावून नेलंस. लाज नाही वाटत? माझ्या लग्नाच्या तोंडावर माझ्या घरात भांडणं लावतेस?"

मास्तरीण एरवी वर्गात पोराचं उत्तर चुकलं तर तासभर बोलेल. काल गप्प. मग मी फोनकडे वाकून म्हणाले, "मी इथेच आहे. माझ्याशी बोल."

"आई, आता तूच ठरव. माझ्या लग्नाला यायचं असेल तर हिच्याशी संबंध संपव. आणि एक ऐक, ती आपल्या घरात पाऊल टाकणार नाही."

मी म्हणाले, "बाबू, घर कुणाचं?" आणि तू फोन ठेवलास.

मला आणखी बोलायचं होतं, ते राहून गेलं. फूस लावायला मी काय दहा वर्षांची आहे? आणि खरं सांगायचं तर तिला सोबत नकोच होती. मागच्या पत्रात मी उगाच तसं लिहिलं. ती एकटीच येणार होती. तिकीट काढून झालं होतं तिचं. मला कळलं आणि मी मागे लागले. चार दिवस टाळाटाळ केली तिने. म्हणाली, आई, त्याला आवडणार नाही. मी म्हणाले, मला आवडेल. तेव्हा तुला राग काढायचाच असेल तर योग्य माणसावर काढ.

फोन संपल्यावर ड्रायव्हरने आपला स्वच्छ पंचा मास्तरणीसमोर ठेवला आणि तोंड फिरवून आपलं पीठ मळत राहिला. नवं जोडपं पहिल्यांदा शांत बसलं. पास्ताबाईने काही विचारलं नाही. तिने आमचा फाटलेला गोळा उचलला, टेबलावर आपटला, आणि खुणेने सांगितलं, परत लाटा. आम्ही लाटला. या वेळी हात दिसला.

स्टुलाचंही सांगून टाकते. मानाने वगैरे काही नाही. पहिल्याच दिवशी त्या जिन्यावरून उतरताना माझा पाय मुरगळला. घोटा सुजलाय. मास्तरणीने पट्टी बांधलीय, बर्फ लावते, ओरडते. मला चालता येतं. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू म्हणाला असतास, बघ, मी म्हटलं होतं.

तुझी आई

६ मे

चि. बाबू,

वर्ग आज संपला. उद्या परतीचा प्रवास. हे पत्र माझ्या मागून येईल, पण तोंडाने बोलताना आपण दोघं एकमेकांचं ऐकत नाही, म्हणून लिहूनच ठेवते.

त्या फोननंतर मास्तरीण मला म्हणाली, "मी तुमचं तिकीट बदलते. तुम्ही उद्याच जा."

आम्ही वर्गाच्या बाहेर, रस्त्याकडेच्या बाकावर बसलो होतो. माझा पाय तिच्या पिशवीवर टेकवलेला.

"का? मी काय गुन्हा केला?"

"मुलाचं लग्न आहे आई. माझ्यामुळे तुम्ही त्याला दुरावलात असं मला नको."

"तुझ्यामुळे कुणी दुरावत नाहीये. अट त्याने घातलीय. ती मोडायची की पाळायची हे माझं मी बघेन."

"आणि मला काय वाटतं ते?"

हे मात्र मला सुचलं नव्हतं. म्हणाले, "बोल ना."

मग तिने सांगितलं, की तिने दुसऱ्या गावातल्या शाळेत नोकरी घेतलीय. जूनपासून रुजू व्हायचं आहे. खोलीही बघून झालीय. मला सांगायला धीर होत नव्हता, म्हणून या चार दिवसांत कधीतरी सांगू असं ठरवलं होतं. म्हणाली, "मला रोज त्याच गल्लीतून, तुमच्या घरावरून शाळेत जायचा कंटाळा आलाय. तुमचा नाही. घराचा."

बाबू, मला खूप लागलं ते. इथवर हट्टाने आले तिच्यासाठी, तुझ्याशी भांडले, आणि तीच निघाली. क्षणभर वाटलं, मग कशाला हा सगळा उद्योग? तिकीट बदलावं, घरी जावं, तुझ्या लग्नात नवं लुगडं नेसून बसावं आणि तोंड मिटून घ्यावं. सगळे खूश. ती म्हणतच होती, जा. तू म्हणतच होतास, ये.

पण मग मला दोघांचाही राग आला. तुम्ही दोघांनी लग्न केलंत तेव्हा मला विचारलंत नाही, आणि मोडलंत तेव्हाही नाही. तेही बरोबरच, संसार तुमचा होता. पण आता मी कुणाशी बोलायचं, कुणाबरोबर फिरायचं, हे तरी माझं मला ठरवू द्याल की नाही? ती माझ्या भल्यासाठी मला पाठवणार आणि तू तुझ्या भल्यासाठी मला बोलावणार. मी काय कुरियरचं पाकीट आहे?

तिला म्हणाले, "तू गावाला जा, खुशाल जा. मी अडवणार नाही. पण तिकीट बदलणार नाही. वर्ग पुरा करायचाय मला." ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग आम्ही परत आत गेलो आणि मी इतका जोर लावून मळलं, की पास्ताबाईने माझे दंड दाबून बघितले.

आज शेवटच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी आपापलं केलेलं खाल्लं. मी पट्ट्या कापल्या होत्या, कुठे रुंद कुठे अरुंद. मीठ जास्त झालं होतं. ड्रायव्हरने दोनदा घेतलं. जाताना त्याने मास्तरणीकडून मला विचारलं, की अंड्यांऐवजी पाणी घातलं तर खरंच चालत नाही का. मी म्हणाले, घरी घालून बघा, इथे कोण बघतंय.

आता मुद्द्याचं. नीट वाच.

तुझ्या लग्नाला मी येणार. तू बोलाव की नको बोलावू. मुलगा माझा आहे, मला निमंत्रण लागत नाही. नव्या मुलीचं मी मनापासून स्वागत करेन, तिचा माझ्याशी काहीच तंटा नाही.

पण घरात कोण येणार आणि कोण नाही, हे मी ठरवणार. तुझे मित्र येतील, तिच्या माहेरचे येतील, आणि मास्तरीण गावाहून आली तर तीही येईल आणि जेवून जाईल. हे चालणार असेल तर वरचा मजला तुमचा आहे. चालणार नसेल तर तुम्ही दुसरीकडे बिऱ्हाड करा. मी तुला घालवत नाहीये. तू मला अट घातलीस, मी तुला घरातली रीत सांगतेय.

तुझी आई

१९ मे

चि. बाबू,

एकाच घरात राहून पत्र लिहायची वेळ आली. तू वर, मी खाली. दाराखालून सरकवतेय. वाकताना कंबर धरते, तेवढी तरी कदर कर.

तुझ्या मावशीकडून निरोप मिळाला, की तू भाड्याने जागा बघितलीस. घे. खरंच चांगलं आहे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, थोडासाच टोमणा आहे. नव्या माणसांनी नव्या जागेत सुरुवात करावी. वरच्या कपाटात तुझ्या बाबांचा रेडिओ आहे, तो ने. तुला लहानपणापासून हवा होता.

मावशी आणखीही बोलली. म्हणाली, ताई, आता गप्प बस, म्हातारपणी मुलाला दुखवू नकोस, उद्या तुला कोण बघणार? मी तिला म्हटलं, बघायच्या बदल्यात तोंड बंद ठेवायचं असेल तर मी नर्स ठेवीन. ती रागावली. माझ्याशी बोलत नाही. आता दोघं झालात.

आणि काल तुझी होणारी बायको आली होती. तुला ठाऊक नसेल. तू कामावर होतास. हे तिनेच तुला सांगावं असं मला वाटलं होतं, पण ती म्हणाली, तुम्हीच लिहा, तुमचं पत्र तो वाचतो. म्हणजे वाचतोस. बरं झालं.

दारात उभी राहून म्हणाली, "काकू, येऊ का?"

मी म्हटलं, "या घरात विचारायचं नसतं. ये."

बसली. पाणी दिलं. पेला रिकामा केला. मग म्हणाली, "त्या इथे आल्या तर मला काही वाटणार नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याने ऐकलं नाही. खरं म्हणजे थोडं वाटेल. पण म्हणून तुम्ही त्यांना येऊ देऊ नये, असं मी नाही म्हणणार."

मला ती आवडली, बाबू. थोडं वाटेल म्हणाली, ते जास्त आवडलं. खोटं बोलून माझं मन जिंकायला आली नव्हती.

मग विचारलं तिने, "काकू, चूक कोणाची होती?"

मी म्हटलं, "ते मी सांगितलं तर तुला माझं मत मिळेल. तू त्याच्याबरोबर राहा आणि स्वतःचं मत कर. मात्र त्याने कुणाबद्दल काही सांगितलं, की एकदा दुसऱ्या बाजूलाही विचारत जा. माझ्याबद्दल सांगितलं तरीसुद्धा."

ती हसली नाही. मान हलवली. जाताना वाकून माझ्या घोट्याची पट्टी बघितली आणि म्हणाली, ही फार घट्ट बांधलीय. सैल करून दिली. तेव्हा तुझ्या वाट्याला परत एक बरी मुलगी आलीय. या वेळी जपून वाग.

लग्नाच्या दिवशी मी सकाळी तयार असेन. गाडीत जागा ठेवलीस तर ठीक, नाही तर रिक्षाने येईन.

तुझी आई

२८ जून

चि. बाबू,

तुझ्या नव्या पत्त्यावर हे पहिलंच पत्र.

लग्नात गाडीत जागा ठेवली होतीस, ते मी विसरलेले नाही. रस्ताभर बोलला नाहीस, पण माझ्या बाजूची काच तू वर केलीस, कारण मला वारा सोसत नाही. सह्या झाल्यावर मला म्हणालास, "आलीस ना शेवटी." मी म्हणाले, "येणारच होते." एवढंच आपलं बोलणं. लोकांना वाटलं, मायलेकांचं जुळलं. वाटू दे त्यांना.

आता परवाचं. रविवारी मास्तरीण आली होती, दोन दिवसांसाठी. नव्या शाळेतली प्रयोगशाळा गळते, मुख्याध्यापक घोरतात, मुलं बरी आहेत, असं सगळं सांगत होती. आम्ही जेवायला बसलो होतो आणि फाटक वाजलं. तुझं फाटक मला कळतं. तू ते पायाने ढकलतोस, शाळेत असल्यापासून. पायऱ्या चढलास. मी घास हातात धरून बसले. मास्तरीणही ओळखून होती, ती ताट घेऊन उठायला लागली. मी म्हटलं, "बस. कुणी उठायचं नाही."

दारात तिच्या चपला होत्या. तू त्या बघितल्यास. कडी जरा हलली. मग पायऱ्या उतरल्याचा आवाज, आणि फाटक. या वेळी हाताने लावलंस, हळू.

तुला वाटलं असेल, आईला कळलं नाही. मला सगळं कळलं. मी हाक मारली नाही. मारली असती तर तू आला असतास, मला माहीत आहे, आणि मग आयुष्यभर म्हणाला असतास, तू बोलावलंस म्हणून आलो. मला तसा आलेला नकोय.

मास्तरणीने विचारलं, "आई, मी यायला नको होतं का?" मी तिला वाढलं आणि म्हटलं, जेव. तिने खाल्लं नाही फारसं. मीही नाही. खोटं कशाला लिहू. दार उघडून बघावंसं दोन-तीनदा वाटलं. पण उठले नाही.

संध्याकाळी ती चालायला बाहेर पडली तेव्हा कडीला अडकवलेली पिशवी तिला दिसली. सफरचंदं आणि माझ्या जुन्या गुडघेदुखीचं मलम. मलम बरोबर आणलंस, तेच लागतं मला.

सफरचंदं आम्ही दोघींनी खाल्ली. हो, दोघींनी. दोन आतून काळी निघाली, ती टाकली. तुला फळं निवडता येत नाहीत, तुझ्या बाबांनाही यायची नाहीत. पुढच्या वेळी दाबून बघून घे. आणि कडीला अडकवू नकोस. दारात कुणाच्याही चपला असू देत, त्यांच्या शेजारी तुझ्या काढ आणि आत आणून दे.

तुझी आई